पुनर्बांधणीयोग्य अ‍ॅटोमायझर

पुनर्बांधणीयोग्य अ‍ॅटोमायझर हा ई-सिगारेटमधील द्रव तापवणारा भाग असून त्यातील तारेचे वेटोळे व कापसाची वात वापरणाऱ्यास स्वतः बदलता येते. त्यातून निघते तिला वाफ म्हणतात खरे. वस्तुतः ते सूक्ष्म थेंबांचे धुके असते. वेटोळ्यासाठी बहुधा लोह, क्रोमियम व अ‍ॅल्युमिनियम यांचे कांथल हे संमिश्र वापरतात. तार जाड घेतल्यास किंवा वेढे कमी केल्यास रोध घटतो व धुके वाढते. धोक्याचे मूळही तेथेच आहे. नियंत्रक मंडल नसलेल्या उपकरणात, ओहमच्या नियमानुसार, पूर्ण भारित ४.२ व्होल्टच्या घटातून ०.५ ओहम रोधास ८.४ अँपिअर, तर ०.२ ओहमला २१ अँपिअर धारा वाहते. घटाची क्षमता याहून कमी असल्यास तो तापून फुटू शकतो. वात कोरडी पडल्यास फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये तयार होतात. भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात व विक्री यांवर २०१९ पासून बंदी आहे.