गाणं वाचलं, गाणाऱ्याचं काय?

एका रेकॉर्डची गोष्ट सांगतो. पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. सवडीनं वाचा.

सात इंचांची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी साधी तबकडी. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीनं १९६५ साली फ्रँक विल्सन नावाच्या तरुणाचं एक गाणं रेकॉर्ड केलं, ‘डू आय लव्ह यू’. नमुन्याच्या काही प्रती छापल्या. पण विल्सननं गायक होण्याऐवजी दुसऱ्यांची गाणी बसवणारा निर्माता होणं पसंत केलं. गाणं बाजारात आलंच नाही आणि नमुन्याच्या प्रती नष्ट केल्या गेल्या. दोन-तीन तेवढ्या कुठंतरी राहून गेल्या. त्यातली एक २००९ साली २५,७४२ पौंडांना विकली गेली. २०२० मध्ये अशाच एका प्रतीला एक लाख पौंड मिळाले. म्हणजे आपले जवळपास कोटीभर रुपये, तीन मिनिटांसुद्धा न चालणाऱ्या गाण्याला!

हा भाव कुणी ठरवला? अमेरिकेनं नाही, कुठल्या संग्रहालयानं नाही, समीक्षकांनीही नाही. तो ठरवला उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्या, खाणी आणि कारखान्यांच्या गावातल्या पोरापोरींनी. आठवडाभर पाळी करायची आणि शनिवारी रात्री निघायचं. रविवार उजाडेपर्यंत नाचायचं. त्या सगळ्या प्रकाराला नाव पडलं ‘नॉर्दर्न सोल’.

सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. चर्चमधल्या भजनांचा गळा आणि नाचायचा ठेका, दोन्ही त्यात एकत्र आले. बेरी गॉर्डीनं १९५९ साली डेट्रॉइटमध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाउन सुरू केली. त्याआधी तो मोटारीच्या कारखान्यात कामाला होता. मोटाउन चालली आणि तिचं बघून डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फियात बारक्या-बारक्या कंपन्या निघाल्या. कुणी वाचनालयाएवढ्या जागेत स्टुडिओ टाकला, काहीशे रेकॉर्ड छापल्या, रेडिओवाल्यांच्या मागं लागला. बहुतेकांचं काही वाजलं नाही. माल गोदामात गेला, मग रद्दीच्या भावात. गाणं वाईट होतं म्हणून नव्हे. वितरक नव्हता, रेडिओवर ओळख नव्हती. शिवाय १९६७-६८ नंतर अमेरिकेत चवच बदलली. जेम्स ब्राऊनचा फंक आला, जुना पळता ठेका मागं पडला.

इंग्लंडच्या उत्तरेत मात्र चव बदलली नाही. तिथल्या पोरांना तोच ठेका हवा होता, सरळ, वेगवान, पायाला न थांबू देणारा. लंडनमध्ये डेव्ह गोडिन नावाचा पत्रकार होता. त्याचं ‘सोल सिटी’ नावाचं रेकॉर्डचं दुकानही होतं. फुटबॉलचे सामने बघायला उत्तरेकडून येणारे पोरं दुकानात शिरायचे आणि नवा माल बाजूला सारून दोन-चार वर्षांपूर्वीचं मागायचे. दुकानातल्या माणसांना पटकन कळावं म्हणून गोडिननं त्या मालाला ‘नॉर्दर्न सोल’ म्हणायला सुरुवात केली. १९७० मध्ये तो शब्द त्याच्या ‘ब्लूज अँड सोल’ मासिकातल्या सदरात छापून आला आणि चिकटला. म्हणजे बघा, संगीत डेट्रॉइटचं, पण नावातलं ‘नॉर्दर्न’ गिऱ्हाइकाच्या गावावरून आलेलं.

सुरुवात मँचेस्टरच्या ‘ट्विस्टेड व्हील’ क्लबमध्ये झाली. १९६३ साली तो ब्रेझनोज स्ट्रीटवर उघडला, १९६५ मध्ये व्हिटवर्थ स्ट्रीटवर गेला.

ह्या ब्रेझनोज स्ट्रीटवर जरा थांबू या. आज तिथं लिंकन चौक आहे आणि चौकात अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. मँचेस्टरला लिंकनचं काय? तर अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडचा गुलामांच्या घामाचा कापूस यायचा थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. लाखो कामगार उपाशी. तरी ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा देणारं पत्र लिंकनला गेलं. जानेवारी १८६३ मध्ये लिंकननं त्याला उत्तर पाठवलं. सगळेच कामगार लिंकनच्या बाजूचे होते असं नाही, गिरणीमालकांतले तर पुष्कळ उलट बाजूचे होते. पण ती सभा झाली हे खरं.

आम्हा वऱ्हाडच्या माणसांना ही गोष्ट परकी वाटायला नको. त्याच तुटवड्यात मँचेस्टरची नजर आमच्या कापसावर पडली. भाव आभाळाला भिडले, खामगावचा बाजार फुगला, १८७० ला खामगावपर्यंत रेल्वेचा फाटाही आला. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत सुरू झाला आणि आमचा भाव कोसळला. ते रडगाणं आजही चालू आहे, असो.

लिंकनचा पुतळा त्या चौकात १९८६ मध्ये आणून बसवला, म्हणजे क्लब तिथून गेल्यावर वीसेक वर्षांनी. हा निव्वळ योगायोग. पण ज्या कामगारांनी उपाशीपोटी गुलामांची बाजू घेतली, त्यांची पतवंडं शंभर वर्षांनी त्याच रस्त्यावर त्या गुलामांच्या वंशजांची गाणी लावून रात्र काढत होती. असं काही हाती लागलं की पत्रकाराचा हात लिहिल्याशिवाय राहत नाही.

ट्विस्टेड व्हील १९७१ ला बंद झाला. मग स्टोकजवळच्या टनस्टॉलमध्ये ‘गोल्डन टॉर्च’ चालला, तोही १९७३ मध्ये परवान्याअभावी बंद. मग आला सगळ्यांचा बाप, ‘विगन कसिनो’. नावात कसिनो, पण जुगार नव्हता, जुना नाचाचा हॉल. विगन म्हणजे कोळशाच्या खाणी आणि सूतगिरण्यांचं गाव. जॉर्ज ऑरवेलनं १९३७ साली तिथल्या गरिबीवर पुस्तक लिहिलं, तेच ते विगन. २३ सप्टेंबर १९७३ ला तिथं पहिली रात्र झाली, रस विन्स्टॅन्ली रेकॉर्ड लावायला. मध्यरात्रीनंतर दार उघडायचं आणि सकाळी आठला बंद व्हायचं. दारू नाही. त्या वेळात दारू विकायला कायद्यानं परवानगीच नव्हती.

आपल्याला रात्रभर जागणं नवीन नाही. तमाशाचा फड, जागरण-गोंधळ, एकेकाळची सवाई गंधर्वची मैफल, पहाटेची भैरवी. विगनलाही भैरवी होती. शेवटी ठरलेली तीन गाणी लागायची, ‘थ्री बिफोर एट’, आठच्या आधीची तीन. टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ आणि डीन पॅरिश. ती लागली की निघायची वेळ झाली. बाहेर रविवारची सकाळ, आणि सोमवारी पुन्हा कारखाना.

लांबलांबच्या गावांतून पोरं यायची. खांद्याला बॅग, बॅगेत टॉवेल, बदलायचे कपडे, टाल्कम पावडर. पावडर अंगाला नव्हे, जमिनीवर टाकायला, गिरकी घेताना बूट सरकावा म्हणून. जोडीनं नाचायचं नाही, एकेकट्यानं. गिरक्या, उड्या, मागं झोकून हातावर तोल सावरत परत उठणं. बिल्ल्यांवर आवळलेली मूठ, काळ्यांच्या चळवळीतून उचललेली, आणि खाली लिहिलेलं असायचं ‘कीप द फेथ’, श्रद्धा सोडू नका.

आता काळी बाजूही सांगतो, नाहीतर पोस्ट म्हणजे नुसती आरती व्हायची. आठ तास नाचायला पोरं उत्तेजक गोळ्या खायची. गोळ्यांसाठी औषधांची दुकानं फोडली जायची. पोलिसांचे छापे आणि परवान्यांची भांडणं त्यातूनच आली. काहींचं आयुष्य त्यात गेलं. जुने लोक आठवणी सांगताना हा भाग पटकन उरकतात, तसं करू नये.

पण मला लिहायचंय ते रेकॉर्डबद्दल.

जुना माल संपत आला तशी शोधाशोध सुरू झाली. लोक अमेरिकेत जाऊन गोदामं धुंडाळायचे, धूळ खात पडलेल्या हजारो तबकड्यांतून एक निवडायचे. रिचर्ड सर्लिंग नावाच्या डीजेनं १९७३ साली अशीच अमेरिकेत ग्लोरिया जोन्सची ‘टेंटेड लव्ह’ उचलली. १९६५ साली निघालेली, आणि तेही दुसऱ्या गाण्याच्या पाठीमागच्या बाजूला. कुणी ऐकलं नव्हतं. विगनमध्ये ती वाजली आणि पोरं वेडी झाली.

ज्याच्याकडे दुसऱ्याकडे नसलेलं गाणं, तो डीजे मोठा. मग गाणं लपवणं आलं. तबकडीच्या मधल्या कागदावर दुसरा कागद चिकटवायचा आणि गायकाचं खोटंच नाव सांगायचं. ह्याला म्हणायचे ‘कव्हर अप’. सुरुवातीला सांगितलेली ती कोटीची रेकॉर्ड? १९७०च्या दशकाअखेरीस विगनमध्ये ती पहिल्यांदा वाजली ती ‘एडी फॉस्टर’च्या नावानं. हजारो लोक फ्रँक विल्सनच्या आवाजावर नाचले आणि नाव घेतलं भलत्याचंच.

तालुक्याच्या वार्ताहराला हे दुखणं समजावून सांगावं लागत नाही. बातमी आपण आणायची आणि वर नाव दुसऱ्याचं. म्हणूनच असेल, पण मला ह्या चळवळीतली हीच गोष्ट सगळ्यात टोचते. तिला गाण्यावर प्रेम होतं, त्यात शंका नाही. पण प्रेमाच्या भरात तिनं गाणाऱ्याचंच नाव झाकलं. त्यातच नकली छपाई आली. मागणी असलेलं गाणं कुणीतरी गुपचूप छापायचं आणि विकायचं. गायकाला काय मिळायचं? काही नाही. जुनी अस्सल रेकॉर्ड हजारांना गेली तरी पैसे विकणाऱ्याला. आजच्या त्या एक लाख पौंडांतलाही एक पेनी गायकाच्या घरी जायचं कारण नाही.

डीन पॅरिशचं बघा. हा न्यूयॉर्कचा गोरा, इटालियन घरातला गायक, खरं नाव फिल अनास्तासी. त्याचं ‘आय अ‍ॅम ऑन माय वे’ विगनमध्ये रात्रीचं शेवटचं गाणं. १९७५ मध्ये ते ब्रिटनमध्ये पुन्हा निघालं, भरपूर विकलं गेलं. आणि ह्या माणसाला अमेरिकेत त्याचा पत्ताच नव्हता. इंग्लंडमध्ये आपण देव झालोय हे त्याला कळलं ते कित्येक वर्षांनी.

ग्लोरिया जोन्सचं आणखी वेगळं. १९८१ मध्ये सॉफ्ट सेल नावाच्या जोडीनं ‘टेंटेड लव्ह’ सिंथेसायझरवर गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. अमेरिकेच्या यादीत ४३ आठवडे टिकलं. पण गाण्याची रॉयल्टी जाते ती लिहिणाऱ्याला, म्हणजे एड कॉबला. पहिल्यांदा गाणाऱ्या बाईला दुसऱ्यानं गायलेल्या गाण्याचं काही मिळत नाही. गंमत म्हणजे सॉफ्ट सेलनंही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूलाही त्यांनी मोटाउनचं जुनंच गाणं टाकलं. स्वतःचं टाकलं असतं तर लेखनाचे निम्मे पैसे त्यांचे झाले असते.

आणि हे फक्त चोरट्या छपाईचं पाप नाही. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. कायदाच तसा आहे, आजही.

काहींना थोडं फार मिळालं, तेही सांगायला हवं. मेजर लान्स अमेरिकेत मागं पडला होता, १९७२ मध्ये तो ‘टॉर्च’मध्ये गायला आणि त्या कार्यक्रमाची एलपी निघाली. एडविन स्टार तर इंग्लंडमध्येच स्थायिक झाला, २००३ ला तिथंच वारला.

कसिनो ६ डिसेंबर १९८१ ला बंद झालं, ‘टेंटेड लव्ह’ नंबर एकवर गेलं त्याच वर्षी. नगरपालिकेला ती जागा कार्यालयाच्या विस्तारासाठी हवी होती. १९८२ मध्ये इमारतीला आग लागली, पुढच्या वर्षी ती पाडली. विस्तार काही झाला नाही. आज तिथं मॉल आहे. नगरपालिका सगळीकडच्या सारख्याच.

नाच मात्र थांबला नाही. लंडनच्या ‘१०० क्लब’मध्ये रात्रभराचे कार्यक्रम सुरू झाले. ते सुरू करणाऱ्यांतला अ‍ॅडी क्रोसडेल १९८२ पासून ‘केंट’ या लेबलचं काम बघू लागला. ह्या लेबलनं चोरून छापलं नाही. जुन्या कंपन्यांकडून रीतसर परवाने घेतले, कपाटातल्या टेप शोधल्या, गाणारे कोण आणि कुठले ते कव्हरवर तपशिलानं छापलं. पुढं समुद्रकाठच्या क्लीथॉर्प्ससारख्या गावात तीन-तीन दिवसांचे मेळे भरू लागले आणि अमेरिकेतून म्हातारे गायक बोलावले जाऊ लागले. कुणी तीस वर्षांत मंचावर चढलेलं नसायचं. कुणी नोकरीतून निवृत्त झालेलं, कुणी फक्त चर्चमध्ये गाणारं. ते बिचकत मंचावर यायचे, गाण्याचं पहिलं कडवं सुरू करायचे, आणि समोरचे पन्नाशीतले खाणकामगार, नर्सा, ट्रक ड्रायव्हर ते अख्खं गाणं तोंडपाठ म्हणत असायचे. आणि बाहेर लावलेल्या पोस्टरवर गाणाऱ्याचं खरं नाव असायचं.