परत यायचं ते कुठे?

इंग्रजीत तरुण मुलींसाठी एका ठरावीक साच्याच्या प्रेमकथा पुष्कळ लिहिल्या जातात. आजच्या काळातली सोळा-सतरा वर्षांची मुलगी माळ्यावरची जुनी पेटी उघडते, किंवा डाग पडलेल्या आरशाला हात लावते, आणि डोळे उघडते ती थेट सतराव्या-अठराव्या शतकातल्या अमेरिकेत. तिथे ब्रिटिशांच्या वसाहती आहेत, लाकडी घरं आहेत, बर्फ आहे आणि हातात कंदील घेतलेला एक देखणा, अबोल मुलगा आहे. मग प्रेम जुळतं. शेवटच्या प्रकरणात प्रश्न येतो तो एकच : राहायचं की परत यायचं?

आमच्या बेळगावातल्या मुलीही अशी पुस्तकं वाचतात, आणि त्यांच्या नादानं मीही चार-पाच वाचली. नावं ठेवायला नव्हे बरं का, मला ती आवडली. आपल्या कथांतून जातिस्मरण झालेल्या माणसाला मागचा भव आठवतो. इथे मुलीला पुढचा काळ आठवतो, एवढाच फरक. पण इतिहास वाचायची सवय लागली की मन कथेत नुसतं वाहत नाही. मी आपली विचारत बसते, साल कोणतं? वसाहत कुठली? ही पोरगी उतरली ती कोणाच्या घरात, आणि पुढच्या दारानं की मागच्या? या तीन प्रश्नांची उत्तरं बदलली की सगळी प्रेमकथाच बदलते.

आधी घरातलंच बघू. या पुस्तकांत मेणबत्तीच्या उजेडात फार गोष्टी घडतात. ती बहुधा मेणाची नसायची. साध्या घरातली बत्ती गुराढोरांच्या चरबीची. तिचा वास घरभर. व्हेल माशाच्या डोक्यातल्या तेलकट मेणाची बत्ती चांगली जळे, पण ती पैसेवाल्यांकडे. समुद्रकाठच्या झुडपांची फळं उकळून त्यांवरचं मेण काढत, ते सुवासिक, पण मूठभर मेणाला ढीगभर फळं लागत. साबण म्हणजे राखेतून गाळलेलं क्षारपाणी आणि पुन्हा चरबी. हे सगळं करणार कोण? घरातल्या बायकाच. सूत काढायचं, दूध घुसळायचं, बीअर गाळायची, मांस खारवायचं, आणि दर दोन-अडीच वर्षांनी एक बाळंतपण. आपल्यातल्या एखाद्या मुलीला आरशानं तिकडे पाठवलं, तर पहिल्या दिवशी संध्याकाळी ती प्रेमात पडणार नाही, उपाशी राहील.

आता लग्नाचं. वाचून वाटतं की तिथे पंधराव्या वर्षी बोहल्यावर चढवत असतील. तसं नव्हतं. उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडमधल्या मुलींची लग्नं साधारण विशी गाठल्यावरच होत. आईबापांची संमती लागे, पण मुलीच्या मनाविरुद्ध लग्न लावणं प्युरिटन लोकांना मान्य नव्हतं. ते लग्नाला धर्मसंस्कार न मानता करार मानत आणि तो न्यायाधिकाऱ्यासमोर करत. म्हणूनच त्यांच्या काही वसाहतींत, इंग्लंडपेक्षा सोप्या रीतीनं, घटस्फोटही मिळू शकत होता. मुलामुलीला एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, अंगभर कपडे घालून, घरच्यांच्या देखत एका बिछान्यावर रात्र काढू देण्याची चालही काही गावांत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यू इंग्लंडमधल्या नवऱ्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा लग्नाच्या वेळी गरोदर असे, असं नोंदवह्यांवरून अभ्यासकांनी काढलंय. तेव्हा प्रेम नव्हतं, असं कोणी म्हणू नये. प्रेम होतं. प्रश्न होता लग्नानंतरचा.

इंग्रजी कायद्यात एक शब्द आहे, कव्हर्चर. म्हणजे पांघरूण. लग्न झालेली बाई कायद्याच्या नजरेत नवऱ्याच्या पांघरुणाखाली गेली. तिची मिळकत त्याची, तिनं आणलेली चीजवस्तू त्याची, तिच्या जमिनीचा ताबा त्याचा. तिला स्वतःच्या नावानं करार करता येत नसे की खटला भरता येत नसे. नवरा गेला तर त्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याचा हयातभर उपयोग, पण तो विकता येत नसे. म्हणजे कादंबरीतली नायिका आपला बँकेतला खाता, आपली सही, आपला मतदानाचा हक्क मागे ठेवून त्या मुलाचा हात धरते तेव्हा ती किती मोठी गोष्ट देऊन टाकते, हे लेखिकेनं एका ओळीत तरी सांगायला हवं. बहुतेक जणी सांगत नाहीत.

आणि हे झालं पुढच्या दाराचं. मागच्या दारानं आलेल्या मुलीचं काय? मोलकरणीच्या करारावर आलेल्या मुलीला मालकाच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नसे. १६६२ साली व्हर्जिनियात कायदा झाला, की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. इंग्रजी कायद्यात मुलाला नाव, कूळ, सगळं बापाकडून मिळे. गुलाम बायकांच्या बाबतीत तेवढं उलटं केलं, कारण त्यात मालकाचा फायदा होता.

तुम्ही म्हणाल, आपल्या मुलींचा याच्याशी काय संबंध? सांगते. व्हर्जिनियातल्या १६३५ सालच्या कागदांत 'टोनी, ईस्ट इंडियन' अशी एका नोकराची नोंद आहे. म्हणजे हिंदुस्थानातली माणसं तेव्हाच तिथवर नेली गेली होती, आणि ती जमीनदाराच्या मेजावर जेवायला बसलेली नव्हती. तेव्हा आमची गव्हाळ रंगाची मुलगी आरशातून तिकडे उतरली, तर तो कंदीलवाला मुलगा तिला कुठल्या दारानं आत घेईल, हा विचार करूनच पुढचं पान उलटावं.

तरीही खऱ्या प्रेमकथा त्या काळात घडल्या. मेरीलँडमध्ये नेल बटलर नावाची एक आयरिश मोलकरीण होती, लॉर्ड बाल्टिमोर यांच्याबरोबर आलेली. १६८१ साली तिनं चार्ल्स नावाच्या काळ्या गुलामाशी लग्न केलं. तिथला १६६४ चा कायदा असा, की स्वतंत्र बाईनं गुलामाशी लग्न केलं तर नवरा जिवंत असेतो तिनं त्याच्या मालकाची चाकरी करायची, आणि मुलं गुलाम. लॉर्डसाहेबांनी तिला याची जाणीव दिली होती, असं पुढे साक्षीदारांनी कोर्टात सांगितलं. तिनं ऐकलं नाही. त्याच साली कायदा बदललाही, पण नेलच्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिचा वंश गुलामीत राहिला. शेवटी १७८७ साली त्या वंशातल्या मेरी बटलरनं खटला जिंकला, तो 'माझी पूर्वज गोरी, स्वतंत्र बाई होती' याच आधारावर. एका लग्नाची किंमत फिटायला शंभरावर वर्षं लागली. अशी नायिका कुठल्या कादंबरीत मला अजून भेटलेली नाही.

पण 'राहायचं की परत यायचं' या प्रश्नाचं खरं उत्तर ज्या मुलीनं दिलं, ती वेगळीच. तिचं नाव युनिस विल्यम्स. मॅसॅच्युसेट्समधल्या डिअरफील्ड या सरहद्दीवरच्या गावच्या पाद्र्याची ही मुलगी. २९ फेब्रुवारी १७०४ ला पहाटे फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या मूळनिवासी योद्ध्यांनी गावावर हल्ला केला. शंभरावर माणसं कैद करून बर्फातून कॅनडाकडे चालवत नेली. युनिस तेव्हा सात वर्षांची. तिचं तान्हं भावंड त्या पहाटेच मारलं गेलं, आणि बाळंतपणाला सहाच आठवडे झालेली आई वाटेत चालू शकेना म्हणून तिलाही मारलं. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढची गोष्ट ऐकून कोणी त्याला परीकथा म्हणू नये.

वडील जॉन विल्यम्स १७०६ साली सुटून आले आणि त्यांनी आपल्या कैदेवर पुस्तक लिहिलं, ते घरोघर वाचलं गेलं. युनिस मात्र मॉन्ट्रिऑलजवळच्या कानावाके गावात मोहॉक लोकांत राहिली. हल्ल्यात, आजारात गेलेल्या माणसाच्या जागी बाहेरचं मूल आपलं करून घ्यायची त्यांची रीत होती. ती इंग्रजी विसरली. तिला नवीन नाव मिळालं, त्याचा अर्थ 'मका घेऊन येणारी'. १७१३ साली, सोळाव्या वर्षी, तिनं आरोसेन नावाच्या मोहॉक तरुणाशी लग्न केलं.

त्याच वर्षी ऑल्बनीहून जॉन शायलर नावाचे गृहस्थ तिला आणायला गेले. दुभाषे लावून विचारलं, समजावलं, शपथा घातल्या. ती गप्प. फार आग्रह झाल्यावर तिनं मोहॉक भाषेतले दोन शब्द उच्चारले. अर्थ असा, की बहुधा नाहीच. वडिलांनी दुसरं लग्न केलं नसतं तर मी केव्हाच भेटून आले असते, असंही तिच्याकडून कळलं. पुढच्या वर्षी वडील स्वतः गेले. ती आली नाही.

गावोगाव तिच्यासाठी प्रार्थना होत राहिल्या. सगळ्यांना वाटे, बिचारी अडकली. पण ती होती कुठे, ते बघा. मोहॉक लोकांत कूळ आईकडून चालतं. मक्याची शेतं बायकांच्या ताब्यात. कुळाचा प्रमुख निवडायचा आणि चुकला तर काढायचा अधिकार कुळातल्या वडील बायकांना. नवरा बायकोच्या कुळात राहायला येई, आणि मुलं आईची. कानावाके ख्रिस्ती झालं होतं, तरी यातलं पुष्कळ टिकून होतं. डिअरफील्डला परतली असती तर ती काय झाली असती? कोणाची तरी मुलगी, मग कोणाची तरी बायको, पांघरुणाखाली.

एवढ्याचसाठी ती राहिली, असं मी म्हणणार नाही. सात वर्षांच्या पोरीनं कायद्यांची तुलना केली नव्हती. तिला तिथे नवीन आई मिळाली, भाषा मिळाली, माणूस मिळाला, पुढे मुलं झाली. पण तिला बोलावणाऱ्या कोणीही, परत येऊन तुला काय मिळेल, असं तिला विचारलेलं दिसत नाही. तिचं म्हणून जे होतं ते त्यांनी हरवलेलं मानलं, आणि त्यांचं जे होतं तेच तिचं घर मानलं.

हे आपल्याला नवीन नाही. आमच्या सरहद्दीच्या मुलखात कन्नड बोलणाऱ्या घरची मुलगी मराठी घरात येते, मराठी घरची धारवाडकडे जाते. पाच-दहा वर्षांत बोलण्याची लकब बदलते, पोळीचा आकार बदलतो. माहेरी गेल्यावर भाऊ हसतात, 'काय गं, अगदी तिकडची झालीस!' तिकडची झाली म्हणजे इकडचं काय उरलं, हे कोणी विचारत नाही, आणि तिकडे तिच्या नावावर काय आहे हे तर मुळीच नाही.

युनिस पुढे माहेरी आली. १७४० साली, छत्तीस वर्षांनी, नवऱ्याला बरोबर घेऊन. भाऊ स्टीफन आता स्वतः पाद्री झाला होता. वडील वारले होते. भावाबहिणीला बोलायला दुभाषा लागला. पुढेही ती येत राहिली. इथेच राहाल तर जमीन देऊ, असं सरकारनं सांगून पाहिलं. ती पाहुणचार घेई, भेटे आणि दर वेळी उठून कानावाकेला जाई. तिथेच १७८५ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, ती गेली. तोवर वसाहती जाऊन अमेरिका नावाचं नवं राष्ट्रही झालं होतं, आणि त्या राष्ट्राच्या कायद्यानंही कव्हर्चरचं पांघरूण काढलं नव्हतं.

म्हणून मुली अशी कादंबरी वाचत असतील तर वाचू द्या. फक्त शेवटचं पान मिटलं की एवढं विचारा : ती राहिली की परतली ते कळलं, पण दोन्हीकडे तिचं स्वतःचं असं काय होतं गं?