अभिनव भारत

अभिनव भारत : ब्रिटिश सत्ता सशस्त्र उठावाने उलथून भारत स्वतंत्र करण्यासाठी नाशिक येथे उदयास आलेली गुप्त क्रांतिकारक संघटना. विनायक दामोदर सावरकर व त्यांचे थोरले बंधू गणेश ऊर्फ बाबाराव हे तिचे प्रमुख नेते होत.

स्थापना : पुण्यातील प्लेग-बंदोबस्ताच्या जाचामुळे चाफेकर बंधूंनी १८९७ मध्ये त्या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याचा वध केला. त्यांच्या फाशीने भगूरचे किशोरवयीन सावरकर क्रांतिमार्गाकडे वळले. १८९९ मध्ये वडील प्लेगने वारल्यावर कुटुंब नाशिकला आले. त्याच वर्षी सावरकरांनी म्हसकर व पागे या सहकाऱ्यांसह ‘राष्ट्रभक्तसमूह’ हे गुप्त मंडळ काढले आणि १९०० च्या आरंभी ‘मित्रमेळा’ ही त्याची प्रकट शाखा सुरू केली. तिळभांडेश्वर गल्लीत राहणारे कवी गोविंद (आबा दरेकर) मेळ्यासाठी पदे रचत. गणेशोत्सव व शिवजयंती ही प्रचाराची उघड साधने होती.

१९०४ मध्ये संघटनेने ‘अभिनव भारत’ हे नाव घेतले. जोसेफ मॅझिनीची ‘यंग इटली’ (१८३१) हा तिचा आदर्श होता. परकी अंमल हटवून एकसंध इटालियन प्रजासत्ताक उभारणे हे मॅझिनीचे ध्येय होते. सावरकरांनी लिहिलेले मॅझिनीचरित्र बाबारावांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची प्रस्तावना विशेष गाजली. राष्ट्रीय सभेने पूर्ण स्वराज्याचा ठराव १९२९ च्या लाहोर अधिवेशनात केला. नाशिकच्या तरुणांनी तेच उद्दिष्ट सुमारे तीन दशके आधी आपल्या संघटनेच्या शपथेत घातले होते.

कार्य व खटले : १९०६ मध्ये सावरकर शिष्यवृत्तीवर लंडनला गेले व तेथील भारतीय विद्यार्थ्यांचे वसतिगृह ‘इंडिया हाउस’ हे संघटनेचे नवे केंद्र बनले. पां. म. बापट (पुढे सेनापती बापट) यांनी पॅरिसमध्ये बाँबविद्येची माहिती मिळवली. लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुले चोरून भारतात पाठवण्यात आली. देशभक्तिपर कविता छापल्याबद्दल बाबारावांना जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचे प्रकरण नाशिकचा जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन याने सत्र न्यायालयाकडे पाठवले होते. जॅक्सन संस्कृतचा जाणकार म्हणून ओळखला जाई. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात, त्याच्या निरोपानिमित्त ठेवलेल्या ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला तो आला असता, औरंगाबादचा विद्यार्थी अनंत लक्ष्मण कान्हेरे याने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

पाठोपाठ धरपकड होऊन ३८ जणांवर नाशिक कटाचा खटला चालला. बेसिल स्कॉट, नारायण चंदावरकर व हीटन यांच्या विशेष न्यायासनाने डिसेंबर १९१० मध्ये २७ जणांना दोषी ठरवले. लंडनमध्ये अटक झालेल्या सावरकरांनी भारतात आणले जात असताना ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात बोटीतून उडी घेतली होती. किनाऱ्यावर त्यांना पुन्हा पकडण्यात आले. फ्रान्सच्या भूमीवर झालेल्या या अटकेचा वाद हेगच्या लवादापुढे गेला. निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या.

मूल्यमापन : संघटनेला अभिप्रेत असलेला व्यापक उठाव झाला नाही. तिच्या हातून घडल्या त्या वैयक्तिक हत्या, आणि जॅक्सनवधानंतरच्या तपासात नाशिकची तिची फळी मोडली. २६ जानेवारी १९५० रोजी अस्तित्वात आलेले प्रजासत्ताक घडले ते जनआंदोलने, सत्तांतराच्या वाटाघाटी व संविधान सभा या मार्गाने. मात्र सवलतींच्या मागण्यांचा काळ असताना संपूर्ण स्वातंत्र्य हेच उद्दिष्ट मानून तरुणांना संघटित करणे, हे अभिनव भारताचे वेगळेपण ठरते. परकी सत्ता गेल्यावर गुप्त सशस्त्र मार्गाचे प्रयोजन उरले नाही, या भूमिकेतून सावरकरांनी मे १९५२ मध्ये पुण्यात सांगता समारंभ करून संघटना विसर्जित केली. नाशिकमधील एका मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिले आहे.