मक्याच्या कोठारातून कुंडीत: पाणी धरणाऱ्या दाण्यांचा इतिहास

१/ कुंडीच्या मातीत मिसळायचे साखरेसारखे दाणे आपण पाहिले असतील. पाणी मिळताच ते फुगून जेलीसारखे होतात. त्यांच्या इतिहासाचा आरंभ मात्र बागेत नव्हे, तर शिल्लक धान्याच्या विवंचनेत आहे.

२/ १९३० च्या दशकातील महामंदीत अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले. १९३८ च्या कृषी कायद्याने शेतमालाचे नवे उपयोग शोधण्यासाठी चार प्रादेशिक प्रयोगशाळा उभारण्याची तरतूद केली. त्यांपैकी एक इलिनॉयमधील पिओरियाची. पेनिसिलिनचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर शक्य करणारे महायुद्धकालीन संशोधन येथलेच.

३/ १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात येथील वीव्हर, बॅग्ली, फँटा व डोन या संशोधकांनी स्टार्चवर ॲक्रिलोनायट्राइलच्या साखळ्या जोडून त्यावर अल्कलीची प्रक्रिया केली. तयार झालेला पदार्थ स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी शोषू लागला. त्याला नाव पडले 'सुपर स्लर्पर', म्हणजे जणू भुरके मारणारा! १९७६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले.

४/ हे घडते कसे? साखळ्यांवरील ऋणभारित गट एकमेकांना दूर लोटतात आणि पाणी आत ओढले जाते. साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असल्याने पदार्थ विरघळत नाही, केवळ फुगतो.

५/ बियाण्यांवर लेप देण्यासाठी तो वापरला गेला. पुढे त्याच्या कृत्रिम भावंडांना घरोघरी नेले ते बाळांच्या डायपरने. आज कुंडीसाठी मिळणारे दाणे बहुधा पॉलिॲक्रिलामाइड किंवा पोटॅशियम पॉलिॲक्रिलेटचे असतात.

६/ भारतात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारित 'पुसा हायड्रोजेल' विकसित केले. नावातील पुसा हे बिहारमधील गाव. १९०५ मध्ये संस्था तेथे स्थापन झाली आणि १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीला आली. शिल्लक मक्यापासून निघालेली वाट अशी कोरडवाहू शेतीपर्यंत पोहोचली.

७/ मर्यादाही ध्यानात ठेवावी. क्षारयुक्त पाण्यात वा खतांच्या द्रावणात या दाण्यांची शोषणक्षमता बरीच घटते. शुद्ध पाण्यातले आकडे मातीत उतरत नाहीत. काही वर्षांत ते झिजतातही.

८/ मुख्य म्हणजे, हे दाणे पाणी निर्माण करीत नाहीत. मिळालेले पाणी काही काळ जपतात. दोन पाण्यांमधील अंतर त्यांनी वाढेल, पण आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?