आड बुजवला त्याची गोष्ट

मागच्या मे महिन्यात भाचा दोन दिवस राहायला आला होता. सोसायटीत पाण्याचा टँकर शिरताना बघून म्हणाला, "आत्या, इथे वाड्यात आड होता ना गं? कुठे गेला तो?" मी पार्किंगकडे बोट दाखवलं. डावीकडून तिसऱ्या गाडीखाली!

मंडळी, आज थोडा इतिहास सांगते. शिकवायची सवय काही जात नाही.

पुण्याला नदी असूनही जुन्या पेठांना पाणी पाजलं ते कात्रजने. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला बंधारे घालून तिथलं पाणी बांधीव नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणलं. अंतर आठ-दहा किलोमीटर, पण पंप नाही की यंत्र नाही. सगळी भिस्त जमिनीच्या उतारावर. वाटेत हवेसाठी आणि साफसफाईसाठी उभे उसासे बांधले. काळा हौद, बदामी हौद अशा हौदांत हे पाणी पडे. म्हणजे शहर वसवणाऱ्याला आधी डोंगर, ओढा आणि उतार ओळखावा लागे.

आमचा वाडाही त्याच वळणाचा. मधे चौक, कडेला आड, भोवती सात बिऱ्हाडं. चौकात पडणारं ऊन सगळ्यांचं, पाऊसही सगळ्यांचा. वैशाखात आडाचं पाणी किती खाली गेलं हे पोराटोरांनाही ठाऊक असे, कारण दोर वाढवावा लागे.

पण वाड्याचं नुसतं गुणगान मला जमत नाही. ओसरी पुरुषांची, माजघर बायकांचं, हे भिंतींनीच ठरवलेलं. रहाट ओढून आईच्या हाताला घट्टे पडलेले. आणि आडाला कोणी शिवायचं, कोणी नाही, हेही ठरलेलं. याच पुण्यात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो तसा खुला करावा लागला, यातच सगळं आलं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासलाही. मी तेव्हा अकरा वर्षांची. आमचा वाडा उंचावर, म्हणून वाचला. पण नळ कोरडे पडले. दिंडी दरवाजा उघडा टाकला आणि कुठकुठली माणसं कळश्या घेऊन आडावर आली. आजीचं सोवळं कडक, पण त्या दिवसांत तिने कुणाला जात विचारली नाही. नळ परत आले आणि दरवाजा पुन्हा लागला! ते तेव्हाही खटकलं होतं.

पुढे शहर पेठांबाहेर पसरत गेलं. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठलेली, त्यात मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरूला वाडा सोडवेना. २००४ साली आमचा वाडा पाडायचं ठरलं. भावांबरोबर मीही सही केली. खोटं कशाला बोलू? मलाही स्वतःचा संडास आणि दार लावून घेता येईल अशी खोली हवी होती. त्या सुखाबद्दल आजही तक्रार नाही. पण दोन ट्रक राडारोडा टाकून आड बुजवला, तेव्हा 'थांबा' असं कुणीच म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. नळ होता ना!

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजकडून येणारा हा तोच ओढा, ज्याच्या पाण्यावर पेशव्यांचे हौद भरत. काठच्या घरांत पाणी घुसलं, माणसं गेली. ज्या ओढ्याच्या भरवशावर पेठा वसल्या, त्याच्या वाटेत आपण भिंती घातल्या होत्या. चौक गेला तसं पावसाकडे बघणंही गेलं. आता पाऊस म्हणजे गच्चीवरून पाइपाने गटारात जाणारं पाणी, आणि उन्हाळा म्हणजे टँकर.

असो. पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा आहे. गच्चीचं पाणी गटाराऐवजी जमिनीत मुरवायचा विषय मी लेखी दिला आहे. वाड्याच्या कागदावर सह्या करणाऱ्या भावंडांत आता मी एकटीच उरले आहे. तेव्हा मलाच उठून बोलायला हवं.