तळटीप : ‘माजलेला कोदो’
१. कोदो म्हणजे आपला कोद्रा, कोकणात हरीक. हे गवतवर्गीय धान्य. कापणीच्या सुमारास कणसे भिजली की बुरशी धरते. दाणा वरून धड दिसतो, पण खाणाऱ्याला घेरी आणतो. लेखकाने याला गावठी समजूत म्हटले आहे, ते पटत नाही. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस बांधवगडला १० हत्ती मेले. त्यांच्या अवयवांत सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीचे विष सापडल्याचे बरेलीच्या पशुवैद्यक संस्थेने कळवले. संशय शेतातल्या कोदोवरच. भोपाळच्या वनखात्याने ते जाहीरही केले. बुरशी जनावरांना बाधते याचे दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या फेस्क्यू गवताचे. त्यात मात्र बुरशी रोपाच्या आतच राहते, बियांतून पुढच्या पिढीत उतरते. कुरण हिरवेगार दिसते आणि चरणाऱ्या गाईचे खूर सडतात, शेपटीचा शेंडा झडतो.