पुन्हा पुन्हा भरणारे न्यायालय

आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगभूमीवर आले. माधव काझी याच्या गाजलेल्या खटल्यावर ते आधारलेले होते. निकाल ठाऊक असूनही मराठी प्रेक्षक या नाटकाला पुन्हा पुन्हा का गेला? निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे भर न्यायालयात स्वतःची ओळखच नाकारतो. त्या नकारातली गंमत शिळी होत नाही. फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर पाच रूपांत वावरत. पहिल्यांदा पाहताना आपण या चातुर्याला हसतो. पुढच्या वेळी मात्र फसवल्या गेलेल्या स्त्रियांच्या साक्षी अधिक स्पष्ट ऐकू येतात आणि आपले हसू आरोपीच्या बाजूचे होते, हे जाणवते. विनोदाच्या आडून प्रेक्षकाचीच उलटतपासणी घेणे, हे या नाटकाचे खरे बळ होय.